कारच्या एसीची गळती शोधणारी साधने: कोणते घ्यावे, कोणते दुकानातच राहू द्यावे

एसी थंड करेनासा झाला की बहुतेक जण आधी गॅस भरून घेतात. दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, म्हणजे कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे. ती जागा न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणे. शिवाय गॅससोबत थोडे थोडे तेलही बाहेर जात असते. गॅस पुन्हा भरला जातो, तेलाचा मात्र कुणी हिशेब ठेवत नाही, आणि शेवटी गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो.

गळती शोधण्यासाठी बाजारात यूव्ही डायचे (अतिनील उजेडात चमकणाऱ्या रंगाचे) किट, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, नायट्रोजनचा सेट, फेस येणारे द्रावण आणि व्हॅक्यूम पंप अशी साधने मिळतात. त्यांच्याच शेजारी फळीवर ‘गळती बुजवणारे’ डबेही असतात. या सगळ्यांकडे आम्ही दोन प्रश्न घेऊन पाहिले. साधन गळतीची नेमकी जागा दाखवते का? आणि जागा सापडली नाही, तर ‘गळतीच नाही’ असा खोटा दिलासा देते का? आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. खोट्या दिलाशावर विसंबून भरलेला गॅस थेट हवेत जातो, आणि कारच्या एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करणारा वायू आहे.

खरेदीआधी थोडे गणित केलेले बरे. लहान कारमध्ये साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस असतो. रबरी होज (नळ्या) आणि कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला काही ग्रॅम जाणे हे धडधाकट एसीतही चालतेच. पण ४५० ग्रॅममधले २०० ग्रॅम चार महिन्यांत गेले असतील, तर तो वेग वर्षाला ६०० ग्रॅम झाला. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेची आर-१३४एच्या डिटेक्टरसाठीचे जे२७९१ आणि नव्या गाड्यांतल्या आर-१२३४वायएफ गॅससाठीचे जे२९१३ ही मानके वर्षाला ४ ग्रॅमची गळतीही पकडता यावी अशी अपेक्षा ठेवतात. म्हणजे आपली गळती त्या मर्यादेच्या दीडशे पट मोठी आहे, तरी ती सापडत नाही. कारण ती लपलेल्या जागी असते, किंवा वारा गॅस उडवून नेतो, किंवा सिस्टिममध्ये पुरेसा दाबच नसतो. म्हणून खोक्यावरचा ‘अतिसंवेदनशील’ हा शब्द पाहून जास्त पैसे मोजू नयेत.

दाबाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इंजिन बंद असताना गेजवर (दाबमापकावर) किमान ३.५ बार, म्हणजे ५० पीएसआयच्या आसपास दाब हवा. त्याहून कमी दाबावर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर बारीक गळतीवर गप्प राहतो. हवेचे तापमान १५ अंशांच्या खाली असेल तर हा दाब मिळेलच असे नाही, त्यामुळे थंडीतल्या पहाटे केलेली तपासणी भरवशाची नसते. उलट ३० अंशांना बंद गाडीत आर-१३४ए ६.७ बार दाखवतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. सिस्टिममध्ये द्रवरूप गॅसचा थोडासा साठा जरी उरला असेल, तरी उभ्या गाडीत दाब तेवढाच दिसतो, मग आत ५०० ग्रॅम असोत की १५०. गेज बघून ‘गॅस फुल आहे’ म्हणणाऱ्याला किती गॅस आहे हे कळलेले नसते. ते फक्त गॅस काढून वजन केल्यावरच कळते. गेज एवढेच सांगू शकतो की त्या तापमानाच्या मानाने दाब बराच कमी असेल, तर आत द्रव शिल्लक नाही.

घरी किंवा छोट्या गॅरेजमध्ये एकच साधन घ्यायचे असेल, तर आम्ही यूव्ही डायचे किट सुचवू. त्यात डायची सिरिंज किंवा कार्ट्रिज, लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) बसणारा कपलर, म्हणजे जोडणी, असलेली छोटी नळी, टॉर्च आणि पिवळा चष्मा असतो. डाय एसीच्या तेलात विरघळतो, तेलाबरोबर फिरतो आणि गळतीपाशी तेल बाहेर पडले की तिथे मागे राहतो. टॉर्चच्या उजेडात ती जागा पोपटी-पिवळी चमकते. इलेक्ट्रॉनिक यंत्र त्या क्षणीचीच गळती दाखवते. डाय मात्र आठवडाभर गाडी रस्त्यावर धावत असताना झालेली गळतीही टिपून ठेवतो, आणि त्याचे मोल मोठे आहे. काही ओ-रिंग (जोडांमधल्या रबरी कड्या) इंजिनच्या थरथरीत आणि गरम असतानाच गळतात, उभ्या गाडीत शांत असतात.

किटची परीक्षा डायपासून सुरू करावी. साध्या कारला ७.५ मिली डाय पुरतो. बाटलीवर मात्रेच्या खुणा नसतील तर ते किट सोडून द्यावे. ‘जास्त टाकला की जास्त चमकेल’ म्हणून लोक दुप्पट-तिप्पट ओततात. त्याने तेल पातळ होते, आणि कॉम्प्रेसरच्या आत धातूंच्या मध्ये तेलाचा जो थर हवा तो टिकत नाही. स्वस्त डायमध्ये द्रावक मिसळलेले असतात, तेही हेच काम करतात. बाटलीवर एसएई जे२२९७चा उल्लेख असलेला डाय घ्यावा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो आणि त्यातले पीओई जातीचे तेल विजेचे इन्सुलेशनही करते. साध्या गाड्यांतले पीएजी तेल किंवा पीएजीवर आधारलेला डाय तिथे गेला, तर इन्सुलेशन घटते आणि गाडी बिघाड दाखवून एसीच बंद करते. अशा गाडीला फक्त त्यासाठीचा डाय चालतो. एकाच सिरिंजने दोन्ही प्रकारच्या गाड्यांत डाय टाकू नये.

टॉर्चमध्ये तर मोठीच फसवणूक चालते. स्वस्त किटमधली टॉर्च पेटवली की सगळे इंजिन जांभळे दिसते. तो डोळ्यांना दिसणारा उजेड असतो, आणि त्यात डायची चमक बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च पेटवली तर खोलीत फारसा उजेड पडत नाही, पण डाय मात्र उठून दिसतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या टॉर्चही चांगल्या असतात, फक्त त्यांच्यासोबतचा पिवळा चष्मा लावलाच पाहिजे, नाहीतर काही दिसत नाही. दुकानात परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कागदावर डायचा एक थेंब पुसट फासून तो टेबलाखालच्या अंधारात दोन हात दूर धरावा. कागदही चमकेल, पण डाग त्यातून स्पष्ट वेगळा दिसला पाहिजे. टॉर्चचा झोत डोळ्यांत घेऊ नये.

डाय टाकताना इंजिन आणि एसी चालू ठेवून फक्त लो साइडच्या पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडावर), म्हणजे आर-१३४एच्या गाडीत १३ मिमीच्या पोर्टवर कपलर लावायचा. हाय साइडचा पोर्ट १६ मिमीचा असतो. एसी चालू असताना तिथे १५ ते २० बार दाब असतो, तिकडे ही किट नेऊच नये. नळीतली हवा आधी थोड्या गॅसने बाहेर काढावी. टाकून झाल्यावर पोर्टपाशी सांडलेले दोन थेंब लगेच पुसून घ्यावेत. हे पुसायचे राहिले, की दुसऱ्या दिवशी तो पोर्टच झगझगीत दिसतो आणि नसलेल्या गळतीसाठी पोर्टमधल्या व्हॉल्वची पिन बदलली जाते. त्यानंतर एसी १५ ते २० मिनिटे चालवावा. मोठी गळती तेवढ्यात दिसते. बारीक असेल तर गाडी आठवडाभर नेहमीसारखी वापरून संध्याकाळी अंधार पडल्यावर पाहावी.

पाहण्याचीही एक रीत आहे. तेल खाली ओघळते, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून चमकणाऱ्या डागाचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधायचे, गळती तिथे असते. कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या भागातल्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा कोपरा पाहा: धुळीने माखलेल्या पात्यांमध्ये रुपयाएवढा काळपट, ओलसर ठिपका दिसतो. बोट लावले तर बोटाला तेलकट चिखल येतो, आणि टॉर्च मारल्यावर त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा हिरवा बिंदू पेटतो. तो बिंदू म्हणजेच गळती, बाकी सगळा पसरलेला डाग. शाफ्ट सील गळत असेल तर फिरणारा क्लच तेल भिरकावतो, त्यामुळे बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि क्लचच्या भोवती शिंतोड्यांची रेघ उमटते.

कूलंटही या उजेडात हिरवा चमकतो, हे ध्यानात ठेवावे. रेडिएटर आणि कंडेन्सर पाठीला पाठ लावून बसवलेले असल्याने गोंधळ हमखास होतो. बोटांत चोळून पाहावे. एसीचे तेल तेलकटच राहते. कूलंट पाण्यासारखा निसरडा असतो आणि त्याला गोडसर वास येतो.

डायचा खरा कमकुवतपणा कूलिंग कॉइलपाशी आहे. ती डॅशबोर्डच्या आत असते, टॉर्च तिथे पोहोचत नाही. त्यातून एक वाट निघते. एसी अर्धा तास चालवून गाडीखाली जी पाण्याची नळी ठिबकते, तिच्या तोंडाला कापसाचा बोळा आतून फिरवून घ्यावा आणि तो अंधारात टॉर्चखाली धरावा. बोळ्यावर पोपटी डाग आला तर कॉइल गेली. डाग आला नाही तर मात्र कॉइल चांगली आहे असे म्हणता येत नाही, कारण काही गळतींतून फक्त वायू जातो, तेल आतच राहते. डाय ‘हो’ म्हणाला तर विश्वास ठेवावा. तो ‘नाही’ म्हणाला तर पुढचे साधन हातात घ्यावे.

ते पुढचे साधन म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. लवचिक नळीच्या टोकाला सेन्सर असतो, गॅस लागला की टकटक वाढते. यात तीन जाती आहेत. कोरोना डिस्चार्ज ही जुनी आणि स्वस्त जात. तिच्या टोकाशी उच्च व्होल्टेज असते, आणि ओल, धूर, सॉल्व्हंट, कशानेही ती ओरडते. क्लोरीन असलेल्या जुन्या आर-१२साठी ती बरी होती. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे तिथे ती मंद पडते. आर-१२३४वायएफ किंचित ज्वलनशील असल्याने त्या वायूसाठी प्रमाणित नसलेले कोणतेच यंत्र अशा गाडीजवळ नेऊ नये. कोरोना जातीचे यंत्र आज विकत घेण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही.

तापवलेल्या डायोडचा सेन्सर चांगला तेज असतो. कधीमधी वापरणाऱ्याला तो पुरे. पण तो झिजतो, साधारण शंभर तासांच्या वापरानंतर बदलावा लागतो, आणि एकदा तेल किंवा पाणी आत ओढले गेले की लगेच वाया जातो. म्हणून टोकाचा कापसाचा फिल्टर मळला की बदलायचा. घेतानाच सुटे फिल्टर आणि सुटा सेन्सर मिळतो का ते विचारावे. तो मिळत नसेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी घेऊ नये.

इन्फ्रारेड सेन्सर रोज वापर असलेल्या गॅरेजसाठी. त्याचे आयुष्य कित्येक वर्षांचे असते, आणि तेलाच्या वासाने किंवा ओलीने तो सहसा फसत नाही. त्याचा एक स्वभाव मात्र विकणारा सांगत नाही. तो गॅस किती आहे हे दाखवत नाही, गॅसच्या प्रमाणात होणारा बदल दाखवतो. टोक गळतीवर धरून ठेवले की एकदा वाजून तो गप्प होतो, कारण आजूबाजूच्या गॅसलाच तो शून्य मानू लागतो. नवख्या माणसाला वाटते, खोटा इशारा होता. टोक बाजूला नेऊन स्वच्छ हवेत दोन-तीन सेकंद थांबायचे आणि पुन्हा आणायचे. पुन्हा वाजला तर गळती खरी.

कोणत्याही जातीचे यंत्र असो, हात कसा चालतो यावर निम्मे यश ठरते. इंजिन आणि पंखा बंद. वारा असेल तर पुठ्ठ्याचा आडोसा. तेलकट माती कोरड्या कापडाने किंवा हवेच्या झोताने काढावी. ब्रेक क्लीनर मारला तर यंत्र त्याच्याच वासाने ओरडत सुटेल. टोक पृष्ठभागापासून ५ मिमीच्या आत ठेवायचे आणि सेकंदाला २५ ते ५० मिमी एवढ्याच वेगाने सरकवायचे. एक बोटभर अंतर जायला दोन-तीन सेकंद लागायला हवेत, आणि बहुतेकांचा हात याच्या पाचपट वेगाने चालतो. प्रत्येक जोडाच्या खालच्या बाजूने फिरवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण आर-१३४ए हवेपेक्षा साधारण साडेतीन पट जड असतो आणि गळतीतून निघाल्यावर खाली उतरतो. तपासणी एका टोकापासून सुरू करून नळ्यांच्या मार्गाने क्रमाने पूर्ण फेरी मारावी. एक गळती सापडली म्हणून थांबू नये. दहा वर्षांच्या गाडीत एक ओ-रिंग गेली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्याही जायच्या वाटेवर असतात.

कूलिंग कॉइलसाठी डिटेक्टरच खरा उपयोगी. ब्लोअर पूर्ण वेगावर १५-२० सेकंद चालवून आतली जुनी हवा काढून टाकायची, बंद करायचा आणि १० ते १५ मिनिटे थांबायचे. गळणारा गॅस कॉइलच्या पेटीत तळाशी साचतो. मग पाण्याच्या नळीत टोक घालायचे, पण आधी तिथे पाणी नाही याची खात्री करूनच. एक थेंब आत गेला तर सेन्सर संपला. पाणी असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर काढून त्या भोकातून तपासावे. डॅशबोर्ड खोलणे हे दिवसभराचे काम आहे. ते सुरू करण्याआधी ही तपासणी दोनदा करून दोन्ही वेळा इशारा मिळायला हवा.

सिस्टिम पूर्ण रिकामी असेल तर डाय फिरणार नाही आणि डिटेक्टरला हुंगायला गॅस नाही. अशा वेळी फक्त शोधण्यासाठी गॅस भरून तो उडू देणे आम्हाला मान्य नाही. इथे कोरडा नायट्रोजन हवा. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो. १० बार भरून व्हॉल्व बंद करावा आणि गेजवर नजर ठेवावी. कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तिच्यातली ओल तेलात शिरते. शिवाय उरलेला आर-१३४ए आणि हवा यांचे दाबाखालचे मिश्रण पेट घेऊ शकते. ऑक्सिजन तर चुकूनही नाही. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

नायट्रोजनच्या चाचणीत तापमानाचा हिशेब धरावा लागतो. गेजवर १० बार म्हणजे एकूण दाब ११ बार. दुपारी ३० अंशांना भरले आणि संध्याकाळी २७ अंश झाले, तर गळती नसतानाही गेज जवळजवळ ०.१ बार खाली येतो. त्याहून जास्त उतरला तर गळती आहे. पण गेज जागा सांगत नाही. त्यासाठी जोडांवर फेसाचे द्रावण लावायचे, किंवा ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असे मिश्रण भरून हायड्रोजनच्या डिटेक्टरने हुंगायचे. हायड्रोजनचा रेणू लहान, बारीक भोकातूनही चटकन निघतो, आणि हे मिश्रण पेट घेत नाही. ज्या गॅरेजमध्ये रिकाम्या गाड्या नेहमी येतात, तिथे हा सेट घेतलाच पाहिजे. एका गाडीच्या मालकाने यात पैसे घालू नयेत.

फेसाच्या द्रावणाबद्दल थोडक्यात: पिनवर, जोडांवर, होजच्या क्रिम्पवर (धातूने आवळलेल्या टोकावर) ते उत्तम. दाट, हळू वाळणारे द्रावण घ्यावे. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळतीवर मात्र पाच-दहा मिनिटांनी मोहरीएवढ्या फेसाची पांढरी टोपी जमते, म्हणून लावून लगेच पुढे जाऊ नये. नंतर पाण्याने धुवावे. ज्या जागेला हात आणि नजर पोहोचत नाही, तिथे त्याचा उपयोग नाही.

व्हॅक्यूम पंप गळती शोधणारे साधन म्हणून विकला जातो, याला आमची ठाम हरकत आहे. व्हॅक्यूम मारायचा तो आतली हवा आणि ओल काढण्यासाठी. त्यातून मिळणारा फरक जेमतेम १ बारचा, तोही उलट्या दिशेने, बाहेरून आत. कडक झालेली ओ-रिंग व्हॅक्यूममध्ये आत खेचली जाऊन घट्ट बसते आणि १५ बारला बाहेर ढकलली गेली की गळते. व्हॅक्यूम उतरला तर गळती नक्की आहे. व्हॅक्यूम टिकला तर काहीच सिद्ध होत नाही. ‘अर्धा तास व्हॅक्यूम धरला, लीकेज नाही’ या वाक्यावर गॅसचे पैसे देऊ नयेत.

आता ते डबे. गळती बुजवणारे रसायन दोन प्रकारचे असते. एक रबर फुगवते. त्याने सुकलेल्या ओ-रिंगची किरकोळ गळती काही काळ थांबू शकते. दुसरे ओलीशी संयोग होऊन घट्ट होते, आणि धोका याच्यातच आहे. ते गळतीपाशी बाहेरच्या हवेतल्या ओलीने जमावे अशी कल्पना असते. पण ज्या सिस्टिममधून गॅस गेला, तिच्यात ओलही शिरलेली असते. मग ते गॅसचा प्रवाह आवरणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये जमते, ओल शोषणाऱ्या ड्रायरमध्ये जमते, आणि गॅस काढणाऱ्या मशीनमध्ये गेले तर तिच्या नळ्या आणि व्हॉल्व चिकटवून टाकते. म्हणूनच चांगल्या गॅरेजमध्ये मशीन जोडण्याआधी सीलंटची तपासणी करतात आणि ते सापडले तर गाडी हातात घेत नाहीत. दगड लागून फाटलेला कंडेन्सर या रसायनाने बुजत नाही. शिवाय डब्यावर लिहिलेल्या वजनात तेल आणि सीलंटचेही वजन धरलेले असते, त्यामुळे किती गॅस गेला हे कळत नाही. डब्यावर बारीक अक्षरात कुठेही ‘सील’ किंवा ‘स्टॉप लीक’ दिसले तर तो डबा परत फळीवर ठेवावा.

गळती सापडल्यावर कुठे खर्च करावा आणि कुठे नाही, तेही सांगायला हवे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे सर्व्हिस पोर्टची पिन. पिन बदलायची, आणि आत रबरी रिंग असलेली टोपी घट्ट बसवायची. ती टोपी धुळीसाठी नसते, खरे सील तीच असते. टोपी हरवलेल्या गाडीत वर्षभरात बराच गॅस पिनमधून जातो.

ओ-रिंग बदलताना एचएनबीआर रबराचीच घ्यावी. हिरवा रंग म्हणजे एचएनबीआर असे समजतात, पण रंगाचे कोणतेही मानक नाही. आतला व्यास आणि जाडी दोन्ही व्हर्नियरने मोजावी. तिला खनिज तेल लावून बसवावी. पीएजी तेल ओल ओढते आणि आट्यांपाशी अॅल्युमिनियम गंजवते. जोड सैल करताना दोन पाने वापरायचे, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर अॅल्युमिनियमची नळी पिळवटते आणि एका गळतीच्या दोन होतात. उघडलेल्या नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत.

कंडेन्सरच्या पातळ नळ्यांना वेल्डिंग करून देणारे भेटतात. ती जागा टिकली तरी शेजारची गंजलेली जागा फुटते. कंडेन्सर नवाच घालावा, आणि त्यासोबत ड्रायर किंवा कंडेन्सरच्या बाजूच्या नळकांड्यातली ओल शोषणारी पिशवी बदलावी. नव्या कंडेन्सरमागे साधारण ३० ते ४० मिली तेल घालावे लागते. नेमका आकडा आणि तेलाचा ग्रेड, पीएजी ४६ की १००, गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. होज क्रिम्पपाशी गळत असेल तर क्लॅम्प लावून आवळू नये. फक्त शाफ्ट सील बदलण्याचे काम थोड्याच गाड्यांत परवडते, कारण सील घासणारा शाफ्टच खरचटलेला असतो.

दुरुस्तीनंतर किमान ३० ते ४५ मिनिटे व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस वजन करूनच भरायचा. ४५० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ५० ग्रॅमचा फरकही थंडाव्यात जाणवतो, त्यामुळे गेज पाहून अंदाजाने भरणाऱ्याकडे गाडी देऊ नये. गॅस हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यावर उडाला तर क्षणात इजा होते. भरून झाल्यावर दुरुस्त केलेल्या प्रत्येक जोडाखालून डिटेक्टर पुन्हा फिरवावा, आणि जुन्या डायचे सगळे डाग क्लीनरने पुसून घ्यावेत, म्हणजे पुढच्या तपासणीत जे चमकेल ते नवेच असेल.

बॉनेटच्या आत एक स्टिकर लावून त्यावर तारीख, भरलेला गॅस ग्रॅममध्ये, तेलाचा प्रकार आणि ‘डाय टाकला आहे’ एवढे लिहावे. हे स्टिकर बऱ्याच किटमध्ये येते आणि खोक्यातच पडून राहते. ते नसेल तर पुढचा मेकॅनिक त्याच गाडीत डायची दुसरी मात्रा ओततो.